बंद मशीनमधून निघालेला इन्स्टॉलर

१

मुलांच्या हॉस्पिटलात एका चिमुरडीला औषधाचा दुप्पट डोस गेला. नर्सची काही चूक नव्हती. स्क्रीनवर जो आकडा आला, तोच बिचारीने सिरिंजमध्ये भरला. आणि तो आकडा दाखवला होता आमच्या वहिनीच्या ऑफिसने बनवलेल्या प्रोग्रॅमने.

मुलगी वाचली. पण डोळे उघडायची आणि पुन्हा गुंगीत जायची. तिची आई हॉस्पिटलच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "हे केलं कुणी?"

ऑफिसात सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, वहिनीने.

माझं आणि वहिनीचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नणंद भावजयीच्या मायेने आंधळी झाली असं नंतर कुणी म्हणायला नको. एका घरात राहतो, म्हणून एकमेकींना सहन करतो. ती डावखुरी, मी तापट. तिच्या वस्तूंना मी हात लावला की माझं डोकं फिरतं, कारण सगळं उलट ठेवलेलं असतं. पण बाई कामाला चोख. घरातून निघताना गॅस दोनदा बघणारी. ती असलं काम अर्धवट करील, हे माझ्या डोक्यात शिरेना.

तिचं काम काय, तर इन्स्टॉलर बांधणं. इन्स्टॉलर म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं. हॉस्पिटलच्या मशीनवर सोडलं की आपसूक सुटतं आणि एकेक चीज जागेवर जाऊन बसते. ते कसं बांधायचं, कुठून काय उचलायचं, हे ज्यात ओळीने लिहिलेलं असतं ती स्क्रिप्ट. वहिनीची स्क्रिप्ट फक्त वहिनीच्या मशीनवर चालायची, कारण अर्धं सामान तिच्याच डिस्कवर. मालकांनी फर्मान काढलं होतं, की स्क्रिप्ट कुठल्याही कॉम्प्युटरवर चालली पाहिजे. तेच काम चालू असताना वहिनी तापाने आडवी झाली.

आणि ती आडवी असतानाच हॉस्पिटलला नवा इन्स्टॉलर गेला. औषधाची बाटली मध्यंतरी बदलली होती, नवी बाटली दुप्पट कडक. म्हणून डोसचा तक्ताही बदलला होता, तोही वहिनीनेच मागे लागून. तरी या इन्स्टॉलरच्या पोटात जुनाच तक्ता निघाला.

कुणी बांधला, तेही त्याच्या पोटातच लिहिलेलं असतं. ती सोय वहिनीनेच ठेवली होती. तिथे वहिनीच्या मशीनचं नाव होतं आणि खाली वहिनीचं.

"पण माझं मशीन बंद होतं," वहिनी म्हणाली. "मी प्लग काढला होता. केबिनला कुलूप होतं. किल्ली माझ्या उशाखाली होती."

मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात मला विचारलं, "काढला होता ना गं मी प्लग?"

२

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई ऑफिसात येणार होत्या. त्यांच्यासमोर वहिनीने चूक कबूल करावी, म्हणजे प्रकरण एका माणसावर मिटेल, असा मालकांचा निरोप आला. तो निरोप घेऊन आला माझा दादा. दादा त्याच ऑफिसात आहे. वहिनीने बांधलेले इन्स्टॉलर हॉस्पिटलांत नेऊन बसवायचे, हे त्याचं काम.

"कबूल काय करायचं?" माझा तिळपापड झाला. "न केलेलं?"

"केलं नाही असं तीच कुठे ठामपणे म्हणतेय?" दादा खाली बघत म्हणाला. "ताप डोक्यात गेला होता तिच्या."

वहिनी खुर्चीत अंग चोरून बसली होती. ताप उतरला होता, पण चेहऱ्यावर रंग नव्हता. "लॅपटॉप उशाशीच होता," ती म्हणाली. "घरून ऑफिसच्या मशीनमध्ये शिरता येतं. मालकांचा फोन आल्याचं अंधुक आठवतंय. मी उठून काही केलं असेन आणि आता आठवतच नसेल, तर?"

 नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण ज्या बाईचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला, तिने जगायचं कसं? उद्या तिने सगळ्यांसमोर 'हो, मीच' म्हटलं असतं, तर त्या मुलीचं दुखणं ती जन्मभर छातीवर वागवत बसली असती.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं.

मी शिकलेय इंजिनिअरिंग. पण दोन नोकऱ्या तोंडापायी गेल्या, तेव्हापासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलंय. त्या ऑफिसातली बिघडलेली मशीनं माझ्याकडेच येतात, त्यामुळे मला आत यायला कुणाची हरकत नव्हती. हरकत असती तरी मी गेलेच असते.

निघताना दादा म्हणाला, "तू कशाला त्यात पडतेस? उगाच हात दाखवून अवलक्षण."

मला वाटलं, काळजीने म्हणतोय.

३

मालक भले गृहस्थ आहेत, फक्त त्यांना सगळं कालच हवं असतं.

"मी एवढंच म्हणत होतो, की स्क्रिप्ट अडता कामा नये," ते घाम पुसत म्हणाले. "मॅडमनी नवी लिहिली, ती माझ्या लॅपटॉपवर लावली तर अडली. म्हणे, डोसचा तक्ता सापडत नाही. दुसऱ्या मशीनवर अडली, तिसऱ्या मशीनवर अडली. दरवेळी काहीतरी सापडत नाही! चालणारी करा म्हटलं तर अडणारी करून दिली."

"जे नाही ते नाही म्हणून सांगते, सर," वहिनी म्हणाली. "नसलं तर पुढे जाऊ नये, म्हणून थांबते."

"म्हणून मी म्हणत होतो, हे जुनं सगळं फेकून द्या." हे बोलले टायवाले. टायवाले म्हणजे नवीन आलेले मोठे इंजिनिअर. उकाड्यातही गळ्याला टाय, आणि वहिनीच्या स्क्रिप्टवर पहिल्या दिवसापासून राग. "एका बाईच्या एका डिस्कवर सगळं ऑफिस टांगलेलं! कधीतरी हे होणारच होतं."

ते बोलले त्यात तथ्य होतं, म्हणून मला आणखीच राग आला. पण वहिनी घसरली तर यांचंच फावणार होतं, हेही मी मनात ठेवलं.

मग टेस्टर बाईंना गाठलं. बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट तपासायची, हे त्यांचं काम. त्या डेमो खोलीत होत्या. तिथे पाहुण्यांना प्रोग्रॅम दाखवायचं एक मशीन असतं. डॉक्टरीणबाई येणार म्हणून ते आज चालू करून ठेवलं होतं आणि स्क्रीनभर प्रोग्रॅम पसरला होता.

"तुम्ही हा इन्स्टॉलर तपासला नाहीत?" मी सरळ धारेवर धरलं.

"मला दिला कुणी?" बाईंचे डोळे भरून आले. "सकाळी आले तर सामाईक फोल्डरमध्ये आयता पडलेला. वहिनींचं नाव होतं, म्हटलं घरून पाठवला असेल. मी उघडणार, तोवर हॉस्पिटलला रवानाही झाला. मी अडवायला हवं होतं. पण वहिनींचं नाव असलं की आम्ही कुणी अडवत नाही हो."

मी ऐकत होते आणि हात चाळा म्हणून माउसवर गेला. कोपऱ्यातली एक चौकट बंद करायला बटण दाबलं, तर भलतीच यादी उघडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"बिघडलाय मेला," मी चिडून म्हटलं. "दुकानात पाठवून द्या."

"आम्ही कीबोर्डवरच भागवतो," टेस्टर बाई नाक पुसत म्हणाल्या. "हल्लीच असा झालाय."

मी माउस बाजूला सारला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं माझं.

४

आता एकच साक्षीदार उरला होता, वहिनीचं मशीन.

वहिनीने पर्समधून किल्ली काढून केबिन उघडली. आत कोंदट वास. टेबलावर धुळीचा पातळ थर, आणि मशीनचा प्लग खरंच काढलेला, वायर गुंडाळून ठेवलेली. तो बघून वहिनीने भिंतीला हात टेकला.

"काढला होता गं," ती म्हणाली. "काढला होता मी."

प्लग लावायच्या आधी मी नेटवर्कची वायर उपसून ठेवली. म्हटलं, आधी याचं एकट्याचं ऐकू. मशीन सुरू केलं. कधी चालू झालं, कधी बंद झालं, याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं. वहिनीला ताप भरला त्या संध्याकाळी बंद झालेलं, ते थेट आत्ता उघडलं. मध्ये काही नाही.

"नोंद पुसता येते," दारातून टायवाले म्हणाले. "येणाऱ्याला येते."

"येते ना," मी म्हटलं. "आणि मग तापात फणफणलेली बाई इथवर येऊन प्लग काढून, धूळ पसरून परत गेली, असंच ना?"

टायवाल्यांनी आत येऊन टेबलावरच्या धुळीवर बोट फिरवलं. पण मालक मागून म्हणाले, "ताई, मग तो इन्स्टॉलर काय आकाशातून पडला? त्यात याच मशीनचं नाव आहे."

मी स्क्रीनवरची नोंद पुन्हा वाचली. दादा मागे उभा होता, तो म्हणाला, "पुरे कर आता. तिला त्रास होतोय." वहिनीच्या कपाळावर घाम होता खरा.

"एवढी वायर लावते आणि उठते," मी म्हटलं आणि नेटवर्कची वायर खोचली.

क्षणभर काही झालं नाही. मग स्क्रीनवर एक चौकट उघडली. टायवाल्यांनी पुढे वाकून मोठ्याने वाचली.

"याच नावाचं आणखी एक कॉम्प्युटर या नेटवर्कवर आत्ता चालू आहे."

५

ऑफिसात एकच गलका झाला. मालक म्हणाले, व्हायरस. टायवाले म्हणाले, बाहेरून कुणी तरी शिरलंय. मी मात्र खुर्चीत बसून वहिनीकडे बघत होते.

तिने चौकट बंद करायला माउस हातात घेतला होता. डाव्या हातात. आणि बटण दाबलं ते उलटं, कारण डावखुरी म्हणून तिने दोन्ही बटणांची अदलाबदल करून ठेवलेली असते. मला हे चांगलंच ठाऊक होतं. उन्हाळ्यात ऑफिसला रंग लागत होता, तेव्हा सगळ्यांनी आपापली मशीनं घरी नेली होती. वहिनीचं मशीन आठवडाभर माझ्या खोलीतल्या टेबलावर होतं, आणि त्या उलट्या माउसवरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं.

डेमो खोलीतला माउस बिघडलेला नव्हताच.

बटणांची ती अदलाबदल माउसमध्ये नसते, मशीनमध्ये त्या माणसाच्या नावावर असते. म्हणजे डेमोचं मशीन वहिनीच्या नावाने उघडलेलं होतं. आणि मशीनचं नावही तिच्याच मशीनचं होतं. एकेका गोष्टीची कुणी हाताने नक्कल करत नाही. अख्खी डिस्कच जशीच्या तशी उतरवून घेतली, तर नाव, सवयी, स्क्रिप्ट, सगळं आपोआप येतं. दोन्ही मशीनं एकाच कंपनीची, त्यामुळे आत बसायलाही अडचण नाही.

स्क्रिप्ट कुठल्याही कॉम्प्युटरवर चालली पाहिजे, हे मालकांचं फर्मान. ते कुणीतरी असं पाळलं होतं. स्क्रिप्टला दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालायला शिकवण्याऐवजी दुसऱ्या कॉम्प्युटरलाच वहिनीचं कॉम्प्युटर बनवलं होतं. नकलेला वाटलं, आपण आपल्याच घरात आहोत. ती कशाला अडेल? प्रोग्रॅम सामाईक जागेतून नवा उचलला. डोसचा तक्ता डिस्कवरून उचलला. आणि डिस्क उतरवली त्या दिवशी तिथे जो तक्ता होता, तोच आला.

म्हणजे डिस्कची नक्कल तक्ता बदलण्याआधीची. तक्ता बदलला, तो ऑफिसचा रंग वाळल्यावर. त्याआधी वहिनीचं मशीन केबिनच्या कुलपातून बाहेर आलं, ते एकदाच.

आमच्या घरी.

मी बोटांवर माणसं मोजली. घरात तिघंच माणसं. वहिनी, मी आणि दादा. वहिनीचा पासवर्ड मला माहीत नाही, तिने मला कधी सांगितला नसता. नवऱ्याला माहीत असणारच. आणि त्याच आठवड्यात माझ्या दुकानातून डिस्क उतरवायची पेटी कोण घेऊन गेलं होतं? "फोटो कॉपी करायचेत," म्हणाला होता. अजून परत दिलेली नाही.

मान वर केली तेव्हा दादा केबिनमध्ये नव्हता.

६

तो जिन्यात सापडला. मधल्या पायरीवर बसला होता, डोकं धरून.

"तू सांगतोस, की मी सांगू?" मी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मला वाईट करायचं नव्हतं गं," तो म्हणाला. "मालक रोज माझ्या डोक्यावर बसायचे. तिची स्क्रिप्ट प्रत्येक मशीनवर अडतेय, हॉस्पिटलला तोंड मला द्यावं लागतं. डिस्क घरी आली होती, म्हटलं एक नक्कल असू दे. वेळेला उपयोगी पडेल. कपाटात ठेवून दिली होती. मग ती आजारी पडली, हॉस्पिटल मागे लागलं, आणि मी ती डेमोच्या मशीनमध्ये घातली. एका दमात चाललं सगळं. कुठे अडलं नाही. मला वाटलं, चला, तिला विश्रांती मिळाली. तक्ता तिच्या डिस्कवर असतो, हे मला माहीतच नव्हतं."

"आणि नंतर?"

"नंतर ती मुलगी..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "माझी पाचावर धारण बसली. तिला सगळे मानतात. तिची एक चूक लोक पोटात घालतील. माझी कोण घालेल?"

"म्हणून संन्याशाला फाशी?"

"माझीही चूक पोटात नाही घालत कुणी," वरून आवाज आला.

वहिनी जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून उभी होती. कधीपासून, देव जाणे.

"ते दुसरं कॉम्प्युटर शोधत आत्ता डेमोच्या मशीनवर जाऊन बसले होते," ती म्हणाली. "माउस हातात घेतला, तर इतका बरोबर बसला. या ऑफिसात माझ्या हाताला बसणारा माउस दुसरा कुणाचाच नाही. तेव्हाच कळलं, ही माझीच डिस्क, आपल्या घरातून आलेली." ती एक पायरी खाली उतरली. "इन्स्टॉलरचं राहू दे. मला एकच सांग. ताप उतरला त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, मीच केलं असेन का रे. तू काय म्हणालास?"

दादा पायरीवरून उठून उभा राहिला.

"तू म्हणालास, असेल, तापात माणसाला कळत नाही. माझे केस मागे सारलेस आणि म्हणालास."

मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते. भिंतीकडे सरकून मी मधली वाट मोकळी केली.

रडू फुटायच्या आत वहिनीच भानावर आली. "तो इन्स्टॉलर आणखी कुठे बसवलास?"

"दोन दवाखान्यांत," दादा म्हणाला.

ती वळली आणि धावत वर गेली. अंगात ताकद नव्हती, तरी धावली. आम्ही पोचलो तोवर पहिल्या दवाखान्याचा फोन लागला होता, आणि ती शांत, खणखणीत आवाजात सांगत होती, की मुलांना औषध देण्याआधी हा प्रोग्रॅम बंद करा, का ते नंतर सांगते. तोच तिचा नेहमीचा, मला न आवडणारा आवाज. 

डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा दादाने स्वतःहून सगळं सांगितलं. एवढं मात्र त्याने केलं. टायवाल्यांनी टाय सैल केला आणि वहिनीपाशी जाऊन म्हणाले, "तुमची अडणारी स्क्रिप्ट मला शिकवाल?" 

मुलगी घरी गेली. चालते, बोलते. तिची आई एकदा ऑफिसात आली आणि वहिनीसमोर नुसती बसून गेली. दादाची नोकरी सुटली. तो आता माझ्या दुकानात बसतो, मुकाट्याने. त्या दोन दवाखान्यांत काही विपरीत झालं नाही, हे नशीब. नवी स्क्रिप्ट आता कुठल्याही कॉम्प्युटरवर चालते, आणि जिथे काही सापडत नाही तिथे अडते. कुणी तक्रार करत नाही.

दादा-वहिनी एकाच घरात राहतात. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढलं की ती त्याला हाक मारते, तो येऊन जेवतो. बघणाऱ्याला वाटेल, सगळं सुरळीत आहे.

फक्त सकाळी निघताना ती दारात थांबते. गॅस दोनदा बघून झालेला असतो, तरी विचारल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नाही, ही सवय त्या तापानंतरची.

"मी गॅस बंद केला ना?"

दादा ओट्याजवळच उभा असतो. ती मला विचारते.